बापूकुटीच्या भिंतीवरची झाडं

ज्यांच्या कानात इअरफोन घालायला जागा नाही, म्हणजे वर्गात किंवा ऑफिसात बसलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय.

वर्धा जिल्ह्यात शाळेत गेलात म्हणजे सेवाग्रामची सहल चुकत नाही. माझी पाचवीत झाली. लक्षात काय राहिलं? साप पकडायचा चिमटा! बापूकुटीच्या भिंतीकडे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. ते पाहिलं थेट कॉलेजात असताना, एका पाहुण्याला फिरवायला नेलं तेव्हा.

भिंत मातीची आहे. तिच्यावर मातीनेच, उठावात, ताडासारखी झाडं केलीत. चरखा आहे, ॐ आहे. हे काम मीराबेनचं. मीराबेन म्हणजे मॅडलीन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी. ही झोपडी आधी त्यांचीच होती, बापू नंतर तिथे राहायला आले.

आता तुम्ही म्हणाल, भिंतीवर झाडं काढली, त्यात काय एवढं? तर राजेहो, ती कुठे काढली ते बघा. आपण सेवाग्रामला स्वातंत्र्यलढ्याची छावणी समजतो. पण आतून ती व्रतांवर चालणारी धार्मिक वस्ती होती. पहाटे प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, अकरा व्रतं. त्यातलं एक अस्वाद, म्हणजे जिभेच्या चवीसाठी खायचं नाही. 1936 मध्ये गांधीजी इथे आले (तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम झालं 1940 मध्ये), तेव्हा झोपडीचा खर्च शंभर रुपयांच्या आत आणि सामान आसपासचंच, अशी त्यांची अट होती. अशा ठिकाणी डोळ्यांना बरं वाटावं म्हणून काही करायचं, हे जरा धाडसाचंच.

आणि अडचण नुसती खर्चाची नव्हती. आश्रमात माणूस जायचा तो 'मी' कमी करायला. स्वतःला शून्य करावं, असं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय. चित्रात तर 'मी'च असतो ना! मला हे असं दिसलं, मला असं वाटलं. मग दोन्ही एका अंगणात नांदणार कसे?

हा वाद जुना आहे. 1924 मध्ये शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांनी गांधीजींना कलेबद्दल बरंच छेडलं होतं. उत्तराचा सूर असा होता की वर ताऱ्यांनी भरलेलं आकाश आहे, माझ्या खोलीच्या भिंती उघड्या राहिल्या तरी चालतील. पण याच गांधीजींनी 1936 च्या फैजपूर काँग्रेसच्या सजावटीसाठी नंदलाल बोस यांना खानदेशात बोलावलं. म्हणजे कला नकोच, असं काही नव्हतं. ती लोकांच्या कामाची हवी होती. स्वतःपुरती काढलेली चित्रं मात्र या हिशेबात बसत नव्हती.

1944 मध्ये नंदलालांच्याच कलाभवनात शिकून एक तरुण सेवाग्रामला आला. देवी प्रसाद, वय तेविशीच्या आसपास. नई तालीमच्या शाळेत चित्रकला शिकवायला. ही शाळा चालवत होते ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी. आर्यनायकम मूळचे सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, आणि एकेकाळी टागोरांचे सचिव होते. शांतिनिकेतनचं वारं वर्ध्यात आधीच शिरलं होतं म्हणायचं.

नई तालीममध्ये शिक्षण हस्तोद्योगातून. सूत काता, शेती करा, त्यातूनच गणित आणि भाषा शिका. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात चित्रकला होती, पण हाताला वळण लागावं, काम नीट व्हावं, अशा हिशेबाने. देवी प्रसाद यांनी हा हिशेब उलटा केला. मुलाने नक्कल करायची नाही, त्याला जे दिसतं-वाटतं ते काढायचं. तुमच्यापैकी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय. समोर तांब्या आणि कांदा ठेवायचे, आणि तांब्याचा काठ वाकडा आला की मार्क गेले. देवी प्रसादांना त्या वाकड्या काठामागचं पोर हवं होतं.

इंग्रज विचारवंत हर्बर्ट रीड तेव्हा असंच काही मांडत होते आणि देवी प्रसाद त्यांना मानायचे. पण त्यांचं स्वतःचं उत्तर आश्रमाच्या भाषेत होतं, आणि मला ते फार हुशारीचं वाटतं. मुलाच्या आतलं काही घडवायला मिळालं नाही तर ते मोडण्याकडे वळतं. म्हणजे चित्र काढू देणं ही चैन नाही, तो अहिंसेचाच पाया आहे. आश्रमाचं सगळ्यात मोठं व्रत त्यांनी कलेच्या बाजूने उभं केलं! आता याला कोण नाही म्हणेल?

सेवाग्रामात ते जवळजवळ अठरा वर्षं राहिले. शिकवलं, मातीची भांडी घडवली, 'नई तालीम' मासिक सांभाळलं. 1962 मध्ये ते लंडनला गेले, युद्धाला विरोध करणाऱ्या वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या संघटनेचे सचिव म्हणून. पुढे 1998 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं कलाशिक्षणावरचं इंग्रजी पुस्तक काढलं. 2011 मध्ये ते गेले. वर्ध्यात त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे, विचारून बघा एकदा.

मीराबेनचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. आश्रमात येण्याआधी ही बाई बीथोवेनच्या संगीताने झपाटलेली होती. त्याच्यापायीच ती लेखक रोमां रोलां यांच्याकडे गेली आणि त्यांच्याकडूनच तिला गांधीजी कळले. 1925 मध्ये ती साबरमतीला आली. ते संगीत मागे राहिलं. देवी प्रसादांच्या मुलांना जे मिळालं, ते इथे तिला स्वतःला कुणी दिलं नव्हतं, आणि तिने मागितलंही नसेल. व्रत तिचं तिनेच घेतलं होतं. चौतीस वर्षांनी, 1959 मध्ये, तिने भारत सोडला आणि ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ जाऊन राहिली. कशासाठी? बीथोवेनसाठी. 1982 मध्ये तिथेच वारली.

मधल्या काळात तिच्या हातून सेवाग्रामच्या भिंतीवर ही झाडं उमटली. चरखा आणि ॐ आश्रमाचे. झाडं कुणाची, ते तुम्ही ठरवा.

पुढच्या वेळी गेलात तर चिमटा बघाच. पण आधी भिंत बघा. आणि हात लावू नका, माती आहे ती.