प्राध्यापकांची घरे : मॉस्कोतील एक इतिहास

कोणी किती जागेत राहावे हे राज्यसत्ता ठरवू लागली की घराचा आराखडा हा राजकीय दस्तऐवज होतो. मॉस्को विद्यापीठातील अध्यापकांच्या निवासाचा इतिहास चाळताना आम्हांस हे प्रकर्षाने जाणवले.

१९१८ च्या ऑगस्टमध्ये रशियातील शहरांत घरांची खासगी मालकी रद्द झाली. मोठ्या घरांत खोलीगणिक एकेक बिऱ्हाड बसवण्यात आले. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. कालपर्यंत जी प्राध्यापकाची अभ्यासिका होती, तेथे परक्याचा संसार आला. परंतु विद्वानांवाचून राज्य चालत नाही, हे नव्या सत्तेस लवकरच उमगले. १९२१ मध्ये त्यांचे जीवनमान सुधारण्यासाठी आयोग नेमला गेला आणि पुढे वैज्ञानिकांना कामासाठी जादा खोलीचा हक्क मिळाला. वर्गभेद मिटवू निघालेल्या राज्यात ही एक खोली म्हणजे नवा दर्जाच होता.

स्तालिनकाळात हा दर्जा आकाशाला भिडला. लेव्ह रुद्नेव यांच्या आराखड्यानुसार लेनिन टेकड्यांवर उभारलेली २४० मीटर उंचीची वास्तू १ सप्टेंबर १९५३ रोजी खुली झाली. स्तालिन मार्चमध्येच निवर्तला होता. मध्यभागी अध्यापन, बाजूच्या भागांत विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि बाजूच्या मनोऱ्यांत प्राध्यापकांची प्रशस्त घरे. ग्रंथालय, सभागृह, पोहण्याचा तलाव, सारे एकाच वास्तूत. बाहेर पडण्याचे कारणच उरू नये, ही सोय खरी. पण अशा सोयीत माणूस नजरेखालीही राहतो. ही वास्तू बांधणाऱ्यांत कैदीही होते. ते विसरून तिच्या शिखराचे कौतुक करणे आम्हांस जमत नाही.

ख्रुश्चेव्ह यांनी डिसेंबर १९५४ मध्ये या डामडौलावर जाहीर टीका केली, आणि ४ नोव्हेंबर १९५५ च्या ठरावाने 'अतिरेकी' सजावट बंद झाली. आता आली पाच मजली, उद्वाहक नसलेली, साच्यातून काढल्यासारखी घरे : छत अडीच मीटर, स्वयंपाकघर जेमतेम पाच-सहा चौरस मीटर. अधिव्याख्याता असो वा कामगार, आराखडा एकच. वास्तुकलेच्या अभ्यासकांनी या घरांना नाके मुरडली आहेत. आम्हांस मात्र त्या चिमुकल्या स्वयंपाकघराचे महत्त्व फार मोठे वाटते. सामाईक घरात चुलीपाशी शेजाऱ्याचे कान असत. येथे प्रथमच दार लावून घेता आले. निषिद्ध हस्तलिखिते वाचली गेली, वाद झडले, ते याच स्वयंपाकघरांतील टेबलांभोवती. गणितज्ञ येसेनिन-व्होल्पिन यांना मनोरुग्णालयात डांबले गेले, तेव्हा मार्च १९६८ मध्ये नव्व्याण्णव गणितज्ञांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. त्यांत मॉस्को विद्यापीठाचे नामवंत अध्यापक होते, आणि अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली. नोकरीशी घर बांधलेले असेल, तर अशी सही करताना हात किती जड होत असेल, हे अध्यापकी करणाऱ्यास सांगावे लागत नाही.

जुलै १९९१ च्या कायद्याने भाडेकरूस राहते घर स्वतःच्या नावे करून घेता येऊ लागले. सेवानिवासे मात्र त्यातून वगळली गेली. म्हणजे कामगाराच्या बरोबरीने पाच मजली घरात राहिलेला अध्यापक मालक झाला, आणि सेवानिवासातला पाहुणाच राहिला. २०१७ मध्ये मॉस्को शहराने ही पाच मजली घरे मोठ्या प्रमाणावर पाडण्याची योजना जाहीर केली, तेव्हा मोडकळीस आलेली म्हणून हिणवलेली ती घरे वाचवण्यासाठी हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले.