बळ, बलात्कार आणि अत्याचार

मराठीत ‘बळ’ आणि ‘बल’ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. दोन स्वरांमधील संस्कृत ‘ल’चा मराठीत बहुधा ‘ळ’ होतो. ‘फल’चे फळ झाले, ‘काल’चा काळ झाला, तसेच ‘बल’चे बळ झाले. पुढे पंडितांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ‘बल’ संस्कृतातून पुन्हा आणले व दोघांनी कामे वाटून घेतली. बाहुबळ, पाठबळ, मनुष्यबळ ही माणसाची. गुरुत्वीय बल, बलप्रयोग ही शास्त्राची आणि सरकारची. ‘दुर्बल’चा दुबळा झाला. ‘बळकावणे’ हे क्रियापद तर जमिनीच्या दाव्यांत इतके नित्याचे, की त्यात ‘बळ’ दडलेले आहे हेच ध्यानात येत नाही. (‘बळी देणे’ यातील बळी मात्र निराळ्या कुळातला. तो ‘बलि’, म्हणजे देवाला किंवा राजाला द्यावयाचा भाग.)

या शब्दाचे मूळ कोठले, यावर व्युत्पत्तिकारांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष त्याचे नाते युरोपातील भाषांशी जोडतो आणि दुबळा या अर्थाच्या लॅटिन ‘डेबिलिस’कडे बोट दाखवितो. दुसरा पक्ष तमिळ ‘वल्’ आणि कन्नड ‘बल्’ यांच्याकडे पाहतो व हा शब्द द्राविड भाषांतून संस्कृतात गेला असे मानतो. निकाल लागलेला नाही. सीमाभागात शब्दांचे सातबारे मागण्याची हौस असणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी हा प्रलंबित दावा जरूर पाहावा.

इतिहासाच्या दृष्टीने या कुळातील सर्वांत बोलका शब्द ‘बलात्कार’ हा आहे. ‘बलात्’ हे ‘बल’ शब्दाच्या पंचमीचे एकवचन. अर्थ, बळाच्या योगे. बळाने केलेली कोणतीही कृती तो बलात्कार, एवढाच त्याचा मूळ आशय. स्त्रीशी अथवा देहसंबंधाशी त्याचा अनिवार्य संबंध नव्हता. धर्मशास्त्रात तर तो ऋणवसुलीच्या प्रकरणात भेटतो. धनकोने आपले धन परत मिळविण्याचे पाच उपाय मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहेत: धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि पाचवा बल. ऋणकोला बांधून आपल्या घरी आणावे आणि ताडनादी उपायांनी त्याच्याकडून वसुली करावी, या रीतीला बृहस्पतीने ‘बलात्कार’ हेच नाव दिले आहे. आजच्या वसुली एजंटांनी बृहस्पती वाचला नसावा, पण उपाय त्यांना तोंडपाठ आहे.

याहून आश्चर्याचे उदाहरण दिगंबर जैन परंपरेतील आहे. मूलसंघाच्या एका मुनिशाखेचे नाव ‘बलात्कार गण’ असे असून कारंजा व लातूर येथे तिच्या भट्टारकांची पीठे होती. कन्नड शिलालेखांतील ‘बळगार’ या नावाचे हे संस्कृतीकरण असावे, असे काही अभ्यासक मानतात. ज्या काळी हे नाव रूढ झाले त्या काळी त्यात लाजिरवाणे काही नव्हते.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यातही बलात्कार म्हणजे जुलूम, सक्ती. विसाव्या शतकात तो आक्रसत गेला आणि एकाच गुन्ह्याचे नाव झाला. मात्र भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठाने कलम ३७५ साठी तो न घेता ‘बलात्संग’ हा शब्द योजला. माझ्या मते ही निवड काटेकोर होती. ज्या शब्दाचा व्यापक अर्थ अजून पुरता विझलेला नाही, तो गुन्ह्याच्या व्याख्येत घेणे धोक्याचे असते.

रिकामी झालेली जागा ‘अत्याचार’ने भरली, पण त्याचीही कथा सरळ नाही. ‘अति’ अधिक ‘आचार’, म्हणजे मर्यादा ओलांडणारे वर्तन. १९२० च्या सुमारास मराठीत अत्याचार म्हणजे राजकीय हिंसा असा अर्थ रूढ होता. म्हणूनच गांधीजींच्या अहिंसक असहकाराला मराठी लेखक ‘अनत्याचारी असहकार’ म्हणत. पुढे शब्द दुर्बलांवरील जुलमाकडे वळला आणि १९८९ च्या कायद्याच्या मराठी नावात, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम असा, स्थिर झाला.

आता सीमा ओलांडून पाहा. याच कायद्याच्या कन्नड नावात ‘अत्याचार’ नाही, तेथे ‘दौर्जन्य’ आहे. मराठीत दौर्जन्य म्हणजे दुर्जनपणा, तोही पुस्तकी. उलट कन्नडात ‘अत्याचार’ हे बलात्संगाच्या गुन्ह्याचे सरळ, रूढ नाव आहे, आणि ‘बलात्कार’ तेथे अजूनही सक्ती या जुन्या अर्थाने वापरता येतो. तिन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि तिन्हींच्या जागा बदललेल्या आहेत. मराठी वृत्तपत्रे संकोचापोटी ‘तरुणीवर अत्याचार’ असे लिहितात, त्याने गोंधळात भरच पडते.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या परिसरात हा केवळ कोशकारांचा विषय राहत नाही. मराठी बाई ठाण्यात सांगते, ‘घरच्यांनी माझ्यावर फार अत्याचार केले.’ तिला म्हणावयाचे असते की मारले, उपाशी ठेवले. हाच शब्द जसाच्या तसा कन्नड जबाबात उतरला, तर वाचणाऱ्याला वेगळाच गुन्हा दिसतो. पुढे साक्षीच्या वेळी ती ‘तसे काही घडले नाही’ म्हणते, आणि उलटतपासणी घेणारा वकील तिला जबाब बदलणारी ठरवितो. शब्द तोच असल्यामुळे भाषांतर चुकले आहे अशी शंकाही कोणाला येत नाही. अपरिचित शब्द असता तर निदान कोणी विचारले असते.

कायद्यात यावर उपाय आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम २७७ नुसार साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास साक्ष त्याच भाषेत नोंदवावी, अन्यथा तिचे खरे भाषांतर करावे. कलम २७८ प्रमाणे ती त्याला वाचून दाखवावी आणि लेखी भाषा कळत नसेल तर समजावून सांगावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही या तरतुदी कायम आहेत. पोलीस जबाबाच्या वेळी मात्र अशी काळजी क्वचितच घेतली जाते. म्हणून पक्षकाराला माझे सांगणे एवढेच असते: बळ, बलात्कार, अत्याचार, जबरदस्ती यांतील कोणताही शब्द जबाबात आला, तर शब्दावर थांबू नका. कोणी, कोठे, कशाने, काय केले ते सांगा आणि तेच लिहून घ्यायला लावा.