गोधडीची आखणी

गोधडीची आखणी म्हणजे गोधडी शिवण्यापूर्वी कापडाचे माप, थरांची संख्या आणि तुकड्यांची मांडणी ठरविणे होय. कापडाचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेल्या या अंथरूण-पांघरुणास महाराष्ट्राच्या काही भागांत वाकळ असेही म्हणतात. परंपरेने गोधडी घरातील वापरलेल्या सुती वस्त्रांपासून शिवली जाते. आता ठरावीक मापात कापलेल्या नव्या कापडाचे तयार संचही वापरले जातात.

पारंपरिक आखणी

पारंपरिक गोधडीचा आकार हाती असलेल्या कापडावर ठरतो. नऊवारी लुगड्याची लांबी साधारणतः ८ मीटर असते. त्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येकी सुमारे २ मीटर लांबीचे चार थर मिळतात व एका माणसापुरती गोधडी होते. टिकाऊ कापड वरच्या आणि खालच्या थरासाठी, तर विरलेले कापड मधल्या थरांसाठी वापरतात. रंगीत ठिगळांच्या कडा दुमडून ती वरच्या थरावर बसवितात. धावदोरा बहुधा कडेपासून सुरू करून मध्याकडे नेतात, त्यामुळे ठिगळे आणि थर एकाच शिलाईत सांधले जातात.

तयार तुकड्यांचे संच

अमेरिकेत रूढ झालेल्या या संचांत एकाच रंगसंगतीचे तुकडे असतात. ५ इंची चौकोनांच्या संचास चार्म पॅक, १० इंची चौकोनांच्या संचास लेयर केक आणि अडीच इंच रुंद पट्ट्यांच्या गुंडाळीस जेली रोल म्हणतात. येथे वरचा थर आधी जोडून घेतात. नंतर त्याखाली भरण व अस्तर ठेवून तिन्ही थर शिवतात.

जोडणीत प्रत्येक कडेचे पाव इंच कापड शिवणीत जाते, म्हणून ५ इंची चौकोन शिवल्यावर साडेचार इंचांचा उरतो. असे ४२ चौकोन ६ × ७ अशा ओळींत जोडल्यास २७ × ३१.५ इंचांचा, म्हणजे बाळाच्या दुपट्याएवढा थर तयार होतो. या मापात सुमारे १९ टक्के कापड शिवणीत जाते. १० इंची चौकोनांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी असते. मोठ्या गोधडीसाठी एकाहून अधिक संच किंवा भोवती काठाचे कापड लागते.

नवे व जुने कापड

वारंवार धुतलेले जुने सुती कापड आधीच आटलेले असते. नवे सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आटते व त्याचा रंगही सुटू शकतो. दोन्ही एकत्र शिवल्यास चुण्या पडण्याचा संभव असतो. लहान तुकडे आधी धुतल्यास त्यांचे धागे निघतात व माप बिघडते. त्यामुळे रंग पक्का आहे की नाही, हे एका तुकड्यावर ओले पांढरे कापड दाबून पाहतात. अस्तराचे सलग कापड मात्र आधी धुता येते.

थरांची संख्या ठरविताना हवामानाचाही विचार करावा लागतो. पनवेलसारख्या कोकणातील दमट, पावसाळी भागात जाड गोधडी लवकर वाळत नाही. अनेक घरांत नवरात्रापूर्वी गोधड्या धुण्याची प्रथा आहे.

बदलते स्वरूप

कृत्रिम धाग्याच्या साड्यांचा वापर वाढल्याने गोधडीस योग्य असे मऊ, घाम शोषणारे जुने कापड घरोघरी कमी झाले. नव्या तुकड्यांमुळे ही उणीव काही अंशी भरून निघते. मात्र आईचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर गोधडीत जपण्याचा भाग त्यात राहत नाही, तसेच टाकाऊ कापडाची काटकसरही साधत नाही. वरच्या थरास नवे तुकडे आणि आतील थरांस घरातील जुनी सुती वस्त्रे वापरल्यास दोन्ही पद्धतींचा मेळ घालता येतो.