परकायाप्रवेश आणि उत्तरदायित्व

नटाचे थोरपण त्याच्या परकायाप्रवेशाच्या सामर्थ्यावरून जोखण्याचा प्रघात जुना आहे. त्या सामर्थ्याचा विनियोग कशासाठी झाला, हा प्रश्न मात्र समीक्षक बहुधा राजकीय इतिहासकाराकडे सोपवून मोकळे होतात. जर्मन नट वेर्नर क्राउस (१८८४–१९५९) यांच्या बाबतीत अशी वाटणी करता येत नाही.

माक्स राइनहार्ट यांच्या बर्लिनमधील रंगभूमीवर क्राउस नावारूपास आले आणि १९२० च्या ‘डॉ. कॅलिगारी’ या मूकपटाने त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. रंगविलेल्या, तिरक्या भिंतींच्या त्या जगात कॉनराड फाइट आणि क्राउस हे दोघे तेथलेच रहिवासी भासतात. क्राउस यांची तुटक पावले, काठी, हातमोज्यांवरील काळ्या रेघा यांतून आंगिक व आहार्य अभिनय नेपथ्याशी एकजीव होतो. पाब्स्ट यांच्या चित्रपटांत १९२५ साली ते चलनफुगवट्याच्या काळातील गरजू स्त्रियांना मांसासाठी लाचार करणारा खाटीक झाले, तर १९२६ साली सुरीच्या भयाने ग्रासलेला सभ्य रसायनशास्त्रज्ञ. १९३१ मध्ये त्सुकमायर यांच्या ‘कोपेनिकचा कप्तान’ या नाटकात त्यांनी मुख्य भूमिका प्रथम साकारली. जुना लष्करी गणवेश चढवून एक दरिद्री चांभार नगराध्यक्षाला अटक करतो, आणि केवळ वेषापुढे सारे नमतात, असे ते कथानक.

दोनच वर्षांनी गणवेषाचीच सत्ता आली. राइनहार्ट ज्यू असल्याने त्यांना देश सोडावा लागला. क्राउस यांनी नाट्यव्यवसायाच्या सरकारी संघटनेचे उपाध्यक्षपद स्वीकारले. १९४० साली फाइट हार्लान यांच्या ‘ज्यू स्यूस’ या प्रचारपटात त्यांनी राबी लोव, चिटणीस लेव्ही आणि आणखी काही ज्यू व्यक्ती रंगविल्या. बहुरूपित्व येथे निव्वळ कसब राहत नाही. एकाच नटाच्या देहातून निरनिराळी माणसे प्रकटतात, तेव्हा ती सारी मुळात एकच आहेत, हा द्वेषाचा सिद्धान्त संवादावाचूनच प्रेक्षकाच्या मनात उतरतो. म्हणून ‘मी केवळ अभिनय केला’ हा बचाव या ठिकाणी टिकत नाही. अपराध अभिनयाच्या रचनेतच आहे.

शायलॉकची भूमिका त्यांनी १९२३ च्या मूकपटात केली होती. तीच त्यांनी १९४३ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात केली, तेव्हा त्या शहरातील बहुतेक ज्यू नागरिक हद्दपार झालेले होते. नाटक शेक्सपिअरचेच होते. पण नाट्यगृहाबाहेरील रिकाम्या घरांनी त्याचा अर्थ पालटला होता.

युद्धोत्तर काळात क्राउस यांच्यावर बंदी आली, ती उठली, आणि १९५० साली बर्लिनमध्ये त्यांच्याविरुद्ध निदर्शनेही झाली. १९५४ मध्ये जर्मन रंगभूमीचा सर्वोच्च मान, इफलांडची अंगठी, त्यांना मिळाली. तिचे आधीचे धारक आल्बर्ट बासरमान यांनी ज्यू पत्नीसाठी स्वदेशाचा त्याग केला होता. एकाच अंगठीने दोन्ही हातांची शोभा वाढवावी, यात कलेच्या स्वायत्ततेचा विजय पाहणाऱ्यांना पाहू द्यावा. क्राउस यांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. मात्र नट दुसऱ्याच्या देहात शिरतो तेव्हा स्वतःची सदसद्विवेकबुद्धी बाहेर ठेवून जाण्याची मुभा त्याला कोणत्याही नाट्यशास्त्राने दिलेली नाही.