जालन्याची पाणीपुरवठा परंपरा आणि ॲस्बेस्टॉस तंतूंचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : पेयजलाचा इतिहास प्रामुख्याने जलस्रोतांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे, पाणी वाहून नेणाऱ्या नळाचा विचार त्यात क्वचितच आढळतो. जालना शहराचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जमशेदखानाने बांधलेल्या मोती तलावाचे पाणी भूमिगत नळांद्वारे शहरातील हौदांत आणले जाई. पुढे निजाम राजवटीत घाणेवाडी जलाशयाचे पाणी गुरुत्वाकर्षणाच्या आधारे शहरास मिळू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील अनेक नळयोजनांत स्वस्त व न गंजणारे म्हणून ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ स्वीकारले गेले. मृदू व आम्लधर्मी पाण्याने अशा नळातील सिमेंट झिजते आणि तंतू पाण्यात मिसळतात.

गाळणीची मर्यादा : अमेरिकेतील डुलुथ शहराच्या पाण्यात १९७३ मध्ये लोहखनिज प्रक्रियेच्या टाकाऊ गाळातून आलेले तंतू आढळले. रासायनिक द्रव्याने कण एकत्र आणून ते थरयुक्त गाळणीत अडविण्याची पद्धत तेथे यशस्वी ठरली. श्वासावाटे जाणाऱ्या तंतूंचा धोका सिद्ध आहे. पाण्यावाटे जाणाऱ्या तंतूंबाबतचा पुरावा निर्णायक नसल्याने जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा निश्चित केलेली नाही. अमेरिकेत मात्र १९९२ पासून प्रतिलिटर ७० लाख दीर्घ तंतूंची मर्यादा लागू आहे.

निष्कर्ष : डुलुथमधील तंतू स्रोतातच होते, म्हणून शुद्धीकरण केंद्र उपयोगी पडले. नळातून सुटणारे तंतू त्या केंद्रानंतर पाण्यात येतात. तेथे केंद्रातील गाळणी निरुपयोगी ठरते. म्हणूनच कोणता नळ कोणत्या वर्षी टाकला, हे सांगणाऱ्या नगरपालिकांच्या नोंदी इतिहासाचे साधन तर आहेतच, शिवाय सार्वजनिक आरोग्याचाही तो आधार आहे. त्यांचे जतन व अभ्यास अगत्याचा आहे.