खुळखुळी काढलेला साप

गेल्या आठवड्यात हॉस्टेलमधल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. दारूपायी घरच्यांनी त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं (नाव लिहीत नाही). तीन महिने, रीतसर पैसे भरून. फोन बंद, भेट बंद, आणि 'शिस्त' म्हणून पट्ट्याचा मार. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "केस करता येते का रे? की बेवड्याचं कोण ऐकणार?"

मी आपला कोड पाडणारा माणूस, वकील नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून अख्खा वीकांत जालावर आणि दोन जाडजूड निकालपत्रांत घालवला. आणि सापडलं ते थेट कॅलिफोर्नियातलं सिनॅनॉन.

१९५८ साली चार्ल्स डेडरिक नावाच्या, स्वतः दारूतून बाहेर आलेल्या माणसाने सांता मोनिकाच्या समुद्रकिनारी हे सुरू केलं. भांडवल म्हणजे बेकारभत्त्याचा ३३ डॉलरचा चेक. हेरॉइनवाल्यांना तेव्हा तुरुंग किंवा वेड्यांचं इस्पितळ एवढेच पर्याय होते. इथे डॉक्टर नाहीत, औषध नाही. सगळ्यांनी एकत्र राहायचं, काम करायचं आणि संध्याकाळी 'गेम' खेळायचा. गेम म्हणजे गोल करून बसायचं आणि एकेकाला शिव्या घालून सोलून काढायचं. (आपल्या काही अप्रेझल मीटिंग आठवल्या ना? असो.)

शेजाऱ्यांना ही मंडळी नको होती. परवान्याशिवाय दवाखाना चालवल्याचा ठपका येऊन डेडरिक काही दिवस तुरुंगातही जाऊन आला. त्याने तो उलट हिरो झाला. १९६१ साली राज्याने कायदा करून अशा घरांना वैद्यकीय परवान्याच्या अटींतून सूट दिली. १९६५ साली सिनॅनॉनवर हॉलिवूडचा सिनेमा निघाला.

मला विचाराल तर पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या सुटीत आहे. हेतू चांगलाच होता. पण परवाना नाही म्हणजे तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणजे आत काय चाललंय ते फक्त आतल्यांनाच माहीत. लॉगिंग बंद करून सिस्टीम प्रॉडक्शनला टाकावी तसं.

मग हळूहळू नियम बदलत गेले. आधी बरा होऊन बाहेर पडायचं असायचं. साठच्या दशकाच्या अखेरीस ते 'आयुष्यभर इथेच' झालं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर संस्थेने स्वतःला धर्म म्हणून जाहीर केलं. बायकांची डोकी भादरली गेली. १९७७ मध्ये पुरुषांना नसबंदी करायला लावली, गरोदर बायकांना गर्भपात करायला लावले आणि नवरा-बायकोंना वेगळं करून नव्या जोड्या लावल्या. सोडून गेलेल्यांना मारहाण सुरू झाली. लिहिणाऱ्यांवर दावे लावले जायचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बड्या वृत्तपत्राच्या मालकांनी १९७६ मध्ये ६ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. मग कोण कशाला लिहितंय!

लिहिलं ते 'पॉइंट रेज लाइट' या गावठी साप्ताहिकाने. एक नवरा-बायको आणि मदतीला बर्कलीचे समाजशास्त्रज्ञ रिचर्ड ऑफ्शी. १९७९ चं सार्वजनिक सेवेचं पुलित्झर त्यांना मिळालं.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे. १९७७ मध्ये एक बाई मन शांत करायची गोळी मागायला दवाखान्यात गेली आणि तिथून सिनॅनॉनमध्ये पोचली. डोकं भादरलं, नवऱ्याशी बोलू देईनात. नवरा पॉल मोरांट्झ नावाच्या तरुण वकिलाकडे गेला. ती सुटल्यावर मोरांट्झने उपचारपद्धती चूक की बरोबर या वादात न शिरता साधा दिवाणी दावा लावला: माणसाला मर्जीविरुद्ध डांबून ठेवलं, भरपाई द्या. व्यसनी असो, धर्म असो, डांबणं ते डांबणंच. सप्टेंबर १९७८ मध्ये ३ लाख डॉलरचा निकाल लागला.

तीनेक आठवड्यांनी, १० ऑक्टोबर १९७८ ला, मोरांट्झने घरच्या टपालपेटीत हात घातला. आत साडेचार फुटी रॅटलस्नेक होता. आवाज होऊ नये म्हणून शेपटीची खुळखुळी काढून टाकलेली. माणूस वाचला, पण हाताला चावा बसला तो बसलाच.

पोलिसांनी सिनॅनॉनवर छापा घातला तेव्हा डेडरिकच्याच आवाजातली टेप मिळाली, त्यात वकिलांचे पाय मोडायच्या गोष्टी होत्या. १९८० मध्ये त्याने खुनाच्या कटाच्या आरोपाला विरोध केला नाही. शिक्षा काय, तर पाच वर्षं प्रोबेशन, ५ हजार डॉलर दंड आणि संस्थेच्या कारभारातून बाहेर. साप ठेवणाऱ्या दोघांना एकेक वर्ष. वाचून चिडलो मी. पण संस्था बुडवली ती करखात्याने. करमाफी गेली, तिच्याविरुद्ध सिनॅनॉन कोर्टात गेलं, आणि १९८४ मध्ये न्यायाधीशांनी दावाच फेटाळला, कारण संस्थेने टेप आणि कागद पद्धतशीर नष्ट केले होते. १९९१ मध्ये दुकान बंद. डेडरिक १९९७ मध्ये गेला, मोरांट्झ २०२२ मध्ये.

न्यूयॉर्कचं डेटॉप, फिनिक्स हाउस वगैरे संस्था याच मुळातून निघाल्या. तेव्हा सगळंच टाकाऊ असंही नाही. आपल्याकडे पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून माणसं उभी करतंयच.

तर मित्राला काय सांगितलं? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा (लागू झाला २९ मे २०१८ ला) दारू-ड्रग्जमुळे होणारे विकारही मानसिक आजारातच धरतो. म्हणून उपचारासाठी माणसं ठेवणाऱ्या केंद्राला त्याखाली नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर पहिल्यांदा ५ हजार ते ५० हजार दंड, पुढे पुढे ५ लाखांपर्यंत. साखळीने बांधायला पूर्ण बंदी. तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते, आणि वकील मोफत मिळण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. मारहाण आणि डांबणं हे गुन्हे आहेतच, त्यासाठी पोलीस ठाणं. पैसे भरले होते म्हणजे तो ग्राहक, पण ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायला हवं. आणि कोणी अजून आत असेल तर घरच्यांनी वाट न बघता हायकोर्टात हेबिअस कॉर्पस. (वकिलाला भेटाच, हा ब्लॉग म्हणजे सल्ला नव्हे.)

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण सही आईबाबांनी केलेली रे. केस केली तर ते पण अडकतील का?"

याचं उत्तर मला मोरांट्झच्या कागदांत सापडलं नाही. तिथे नवरा बाहेर काढायला आला होता. इथे घरच्यांनीच आत सोडलेलं, तेही रडत रडत, पोरगं मरेल या भीतीने. मी एवढंच म्हटलं की आधी पैशांची पावती, सहीच्या फॉर्मची प्रत आणि पाठीवरच्या वळांचे फोटो एका जागी जमव, मग शनिवारी दोघं वकिलाकडे जाऊ. संध्याकाळी त्याने पावतीचा फोटो पाठवला. झूम करकरून पाहिली. नोंदणी क्रमांक कुठेच नाही.