एरंडेल आणि घाट

आमच्या कुंभिवलीला बोरघाटाचा शेजार. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे चढली. पण खरी कसोटी उतरताना थांबण्याची! सुटलेल्या गाडीसाठी रेल्वेनं घाटात चढाच्या बगल-लाइनी ठेवल्या. पिकअपचा सारा भरवसा मात्र वाटीभर ब्रेक-ऑइलवर.

पूर्वी त्यात एरंडेल नि अल्कोहोल असे. एकानं माणूस धावत सुटतो, दुसऱ्यानं झोकांड्या खातो. आणि हीच जोडी म्हणे गाडी थांबवी!

आताचं ‘ऑइल’ तेल नव्हेच. ते हवेतली ओल पितं. नवं डॉट-थ्री निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यालं, की हीच हमी १४० वर येते. उतारावर ब्रेक तापतात, ऑइलची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल, तेही सीलबंद डब्यातलं घ्यावं. साधारण दोन वर्षांनी बदलावं. काटकसर करायला भाजीबाजार आहे, घाट नव्हे.